हिच बसवण्याआधी

अमेरिकेत नवी गाडी घ्यायला गेलेल्या माणसापुढे शोरूममध्ये पर्यायांची जी यादी येते, तिच्यात टो पॅकेज, म्हणजे मागे ट्रेलर ओढण्यासाठी कारखान्यातूनच करून मिळणारी तयारी, बरंच खाली असतं. त्याच्या वर सनरूफ, चामड्याच्या सीटा, मोठा स्क्रीन, भारीतली साउंड सिस्टिम. माणूस खाली पोचेपर्यंत बजेट संपत आलेलं असतं. मग समोरचा विक्रेता सांगतो, "हे कशाला घेताय? बाहेरून ट्रेलर जोडायचा हिच बसवून घ्या, निम्म्या पैशांत काम होईल." असा बाहेरून हिच बसवून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं काम करतो आहे, आणि तरीही विक्रेत्याचं ते वाक्य मला अस्वस्थ करतं. ते खोटं नाही. काही गिऱ्हाइकांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. पण ते बोलण्याआधी जो एक प्रश्न विचारायला हवा, तो कुणी विचारलेला नसतो: ओढायचं काय आहे?

आमचं वर्कशॉप मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेला आहे. चार महासरोवरांचे किनारे लाभलेलं हे राज्य, आणि आत हजारो लहानमोठी तळी. त्यामुळे इथे गाडीमागे काहीतरी जोडून निघणं ही रोजची गोष्ट. मार्चच्या शेवटी बर्फ वितळायला लागलं की आमचे फोन सुरू होतात. मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या सुट्टीआधी तर जेवायला फुरसत नसते. उन्हाळाभर बोटी आणि कॅम्पर, म्हणजे मागे ओढून न्यायची चाकांवरची घरं. १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो, त्याच्या आधी एटीव्ही ओढून उत्तरेकडे जाणारे शिकारी. मग स्नोमोबाईलवाले.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडे निघालेल्या रांगा बघत मोठा झालो. मागचं ओझं पुढच्याला काय करतं, हे चढावर समोरची चाकं हलकी झालेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. इथे मात्र ते सांगावं लागतं, कारण इथल्या गाड्या इतक्या सहज आणि आवाज न करता चालतात की मागे दोन टन लागलेत याची जाणीव होईपर्यंत ब्रेक दाबायची वेळ आलेली असते.

पूर्वी आमच्याकडे येणाऱ्यांत मराठी माणूस क्वचित दिसायचा. आता कँटन, नोव्हाय, ट्रॉय या उपनगरांतून बरेच येतात. मुलं इथे वाढली, त्यांना मित्रांसारखं तळ्याकाठी तंबूत राहायचं असतं. आईवडिलांना तंबूत झोपवत नाही म्हणून मग कॅम्परचा विचार येतो. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हळूच गाठतं, "काका, एक विचारायचं होतं. गाडीला हिच किती पाउंडांचा बसवू?" या प्रश्नाचं उत्तर मी त्या रांगेत कधीच देत नाही. त्यांना गाडी घेऊन दुकानात बोलावतो आणि आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडायला लावतो. तसं का, ते पुढे येईलच.

आधी लोखंडाचं बोलू, कारण लोकांना हिच म्हणजे तेवढंच वाटतं. गाडीच्या मागच्या बाजूला चासीला आडवी नळी, तिच्या दोन टोकांना पट्ट्या, आणि मधोमध चौकोनी तोंडाचा रिसीव्हर. त्यात बॉल माउंट नावाचा दांडा सरकवायचा, आणि त्याच्यावरच्या बॉलवर ट्रेलरचा कपलर बसतो. लहान गाड्यांना सव्वा इंची तोंड, मोठ्यांना दोन इंची. पहिल्या वर्गाचा हिच २,००० पाउंडांपर्यंत, दुसऱ्याचा ३,५०० पर्यंत, तिसऱ्याचा ८,००० पर्यंत, आणि त्याच्याही वर पिकअपसाठीचे अवजड प्रकार. बाहेरचे उत्पादक प्रत्येक मॉडेलची मापं घेऊन पट्ट्या अशा बनवतात की चासीत कंपनीने ठेवलेल्या भोकांतच बोल्ट बसावेत. बहुतेक गाड्यांत ड्रिल मारावं लागत नाही. सायलेन्सर थोडा खाली सोडायचा, उष्णतेचा पत्रा काढायचा, चासीच्या पोकळीतून तारेने बोल्ट ओढून बाहेर आणायचे, बंपरखालचं प्लास्टिक लागलं तर बेतून कापायचं, आणि टॉर्क रेंचने सांगितलेल्या मापात आवळायचं. गाडी नवी असेल तर दोन तासांत मोकळे. सात-आठ हिवाळे खाल्लेली असेल तर गोष्ट वेगळी. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चासीच्या आत बसून वेल्ड केलेले नट खाऊन टाकतं. मग टॅप फिरवून आटे साफ करणं, तेल मुरू देणं, आणि एखादा नट आतल्या आत फिरायला लागला तर अख्खी दुपार.

या लोखंडाबद्दल मला कसलीच शंका नाही. चांगल्या उत्पादकाचा हिच कंपनीच्या हिचइतकाच, कधी त्याहून जाड असतो, आणि त्याची स्वतंत्र चाचणी झालेली असते. वेल्ड तुटून किंवा नळी वाकून आलेला नव्या बांधणीचा हिच मी क्वचितच पाहिला आहे. अडचण त्यावर चिकटवलेल्या आकड्यापासून सुरू होते. हिचवर ५,००० लिहिलेलं असतं आणि माणसाला वाटतं, आता आपली गाडी ५,००० पाउंड, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडं जास्त, ओढू शकते. तो आकडा हिचचा असतो. गाडीचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि बाहेरून कितीही दणकट लोखंड लावलं तरी त्यात एका पाउंडाची भर पडत नाही. बॉल, बॉल माउंट, हिच, गाडी, ट्रेलरचा कपलर या सगळ्यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच त्या जोडणीचा आकडा.

टोयोटाच्या २०१६ ते २०२३ या काळातल्या टॅकोमा पिकअपचं घ्या. इंजिन तेच व्ही-सिक्स. टो पॅकेज नसेल तर ३,५०० पाउंड. असेल तर मॉडेलप्रमाणे ६,४०० ते ६,८००. जवळजवळ दुप्पट. हा फरक हिचच्या लोखंडाने पडत नाही. त्या पॅकेजमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आहे, इंजिन ऑइलचा कूलर आहे, मोठा अल्टरनेटर आहे, सात पिनांचं सॉकेट आहे, ट्रेलर डुलायला लागला तर सावरणारी यंत्रणा आहे. हिच हा त्या पॅकेजचा फक्त एक भाग.

उष्णतेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती दिसत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि त्यात ताकद तेलातून पुढे जाते. ओझं जास्त, चढ जास्त, वेग कमी, की तेल घुसळलं जातं आणि तापतं. नवं तेल लालभडक असतं. मर्यादेबाहेर ओढणाऱ्या गाडीचं तेल तपकिरी होतं आणि त्याला करपलेला वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की डिपस्टिक काढताच कळतं गाडीने काय सोसलंय. वाईट हे की गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. पुढच्या वर्षी, कधी त्याच्या पुढच्या वर्षी, गिअर अडखळायला लागतात. तोवर मालकाला तो प्रवास आठवतही नसतो.

गाडीचा ओढण्याचा आकडा कसा ठरतो, हे गिऱ्हाइकांना सांगायला मला मनापासून आवडतं. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्याच मोजपट्टीने आकडा ठरवायची. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्स या संस्थेने २००८ मध्ये 'जे-२८०७' (J2807) नावाचं मानक प्रसिद्ध केलं. टोयोटाने ते सगळ्यांत आधी, २०११ च्या मॉडेलांपासून स्वीकारलं. बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या. त्या मानकातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या एका खऱ्या रस्त्यावरून घेतलेली आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळ बुलहेड सिटी आहे. तिथून राज्यरस्ता ६८ वाळवंटातला डोंगर चढून गोल्डन व्हॅलीकडे जातो. ११.४ मैलांचा, म्हणजे १८ किलोमीटरहून थोडा जास्त, जवळजवळ सलग चढ. बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियसच्या आसपास ऊन. एसी पूर्ण चालू. मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. अशा स्थितीत गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये (मागे दुहेरी चाकं असलेल्या पिकअपला ३५ ची सवलत आहे), काही निकामी होता कामा नये आणि इशाऱ्याचा दिवा लागता कामा नये. याशिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघायचं, तेही पाच मिनिटांत पाच वेळा, पुढे आणि मागेही. सपाटीवर ताशी शून्य ते ६० मैल ३० सेकंदांच्या आत गाठायचे.

मी त्या रस्त्याने गेलो आहे, रिकाम्या गाडीने, जुलैमध्ये. खिडकीची काच खाली केली तर तोंडावर भट्टी उघडल्यासारखं होत होतं. त्या चढावर पॅकेज असलेली गाडी तरते ती कूलरमुळे, मोठ्या रेडिएटरमुळे, पंख्यामुळे, काही मॉडेलांत बदललेल्या एक्सल रेशोमुळे. गिअरबॉक्सचा कूलर आम्ही बाहेरून बसवतो आणि तो उपयोगीही पडतो. पण रेडिएटर, पंखा, एक्सल आणि संगणकातला प्रोग्राम हे सगळं बदलत बसलं तर खर्च पॅकेजच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो, आणि एवढं करूनही मॅन्युअलमधला आकडा आहे तिथेच राहतो. साध्या भाषेत, कारखान्याचं पॅकेज गाडी बनतानाच घ्यावं लागतं. नंतर मिळतो तो फक्त हिच.

"पण काका, मिशिगनमध्ये डोंगर कुठे आहेत?" हे मी अनेकदा ऐकतो. डोंगर नाहीत हे खरं. वारा आहे. कॅम्पर हा ओढणाऱ्या गाडीहून उंच आणि रुंद असतो, सपाट रस्त्यावरही ताशी ६५ मैलांनी जाताना समोरच्या वाऱ्याविरुद्ध इंजिन चढावर असल्यासारखंच राबतं. उत्तरेला जाताना मॅकिनॉ पूल लागतो, १९५७ मध्ये खुला झालेला, सुमारे आठ किलोमीटर लांब, दोन महासरोवरांच्या मधल्या सामुद्रधुनीवर. वारा वाढला की तिथे ट्रेलरवाल्या आणि उंच गाड्यांवर निर्बंध येतात, वेग अगदी कमी करून नेतात, कधी थांबवूनही ठेवतात. शिवाय मिशिगनची माणसं मिशिगनमध्येच राहत नाहीत. सुट्टीत आय-७५ महामार्गाने दक्षिणेला स्मोकी पर्वताकडे निघतात, आणि केंटकी ओलांडून टेनेसीत शिरताना जेलिकोचा घाट लागतो. गाडी घेताना तो घाट कुणाच्या डोक्यात नसतो.

इथपर्यंत ऐकून माणूस म्हणतो, म्हणजे कंपनीचं पॅकेज घेतलं की काळजी मिटली. तेव्हा मी त्याला ड्रायव्हरच्या दरवाज्याकडे नेतो. दरवाजा उघडल्यावर खांबावर एक स्टिकर असतो, टायरच्या हवेचा. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. तीन रांगांच्या बऱ्याच एसयूव्हींत हा आकडा १,२०० ते १,५०० च्या दरम्यान असतो. ट्रेलरच्या वजनाचा जो भाग बॉलवर टेकतो, त्याला टंग वेट म्हणतात, तोही याच आकड्यात मोजायचा. आणि पॅकेज घेतल्याने हा आकडा वाढत नाही.

एक उदाहरण सांगतो. कँटनचं एक जोडपं, दोन मुलं. जूनमध्ये नवऱ्याचे आईवडील भारतातून यायचे होते. सात सीटांची एसयूव्ही, ५,००० पाउंडांची क्षमता, कारखान्याचं टो पॅकेज घेतलेलं. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टमध्ये बनलेला एक कॅम्पर त्यांनी पसंत केला होता. एल्कहार्ट म्हणजे इथल्या कॅम्पर उद्योगाचं माहेरघर. माहितीपत्रकात कोरं वजन ३,९०० लिहिलेलं होतं. त्यांना वाटत होतं, हजार पाउंडांची सोय शिल्लक आहे. आमच्याकडे ते फक्त ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवायला आले होते.

त्यांच्या दरवाज्यावर १,२४० होते. मी कागद पुढे सरकवला आणि त्या बाईंनीच बेरीज मांडली. नवराबायको मिळून ३१०. मुलं १४०. सासू-सासरे २८०. झाले ७३०. कुलर बॉक्स, बॅगा, कुकर आणि पोळपाट-लाटण्यासकट स्वयंपाकाचं सामान, १५० धरले. ८८०. उरले ३६०. आता कॅम्पर. माहितीपत्रकातल्या वजनात बॅटरी नसते, भरलेल्या गॅसच्या टाक्या नसतात, आणि या दोन्ही गोष्टी कॅम्परच्या पुढच्या टोकाला, म्हणजे थेट बॉलच्या बाजूलाच बसवलेल्या असतात. पाणी नसतं, एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं, ३० गॅलनची टाकी भरली की २५० वाढले. कपडे, गाद्या, खुर्च्या. प्रवासाला निघताना तो कॅम्पर ४,७०० च्या आसपास जाणार. त्याच्या १२ टक्के बॉलवर म्हणजे ५६० हून अधिक. उरले होते ३६०. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे आई-बाबांना बसमधून आणायचं का?"

नवरा हुशार माणूस, लगेच म्हणाला, आतलं सामान कॅम्परच्या मागच्या भागात ठेवू, बॉलवरचं वजन कमी होईल. हे बहुतेकांना सुचतं, आणि सगळ्यांत धोक्याचं हेच आहे. आपल्याकडे बैलगाडीत ओझं मागे भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. कॅम्परचंही तसंच, फक्त इथे वेग ताशी ६० मैलांचा असतो. बॉलवर दहा टक्क्यांहून कमी वजन आलं की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि एकदा डोलणं वाढलं की तो पुढच्या गाडीलाच फिरवतो. म्हणून दहा ते पंधरा टक्के ही मर्यादा पाळायची, वरचीही आणि खालचीही. गंमत अशी की ५,००० क्षमतेच्या बऱ्याच क्रॉसओव्हर गाड्यांत बॉलवरची कमाल मर्यादा ५०० पाउंडच असते. कॅम्पर सहसा बारा-तेरा टक्क्यांवर चालतात. म्हणजे ५,००० चा आकडा कागदावर खरा असला तरी खऱ्या कॅम्परसाठी तो चार हजारांच्या आसपासच संपतो. वजन चाकांवर वाटून देणारा हिच लावला तर मागची चाकं कमी दबतात, पण दरवाज्यावरचा आकडा तोही बदलत नाही. शिवाय काही कंपन्या तो लावायलाच सांगतात आणि काही आपल्या गाड्यांना लावू नका म्हणतात. मॅन्युअल वाचल्याशिवाय ते ठरवायचं नाही.

त्या जोडप्याने शेवटी उघडमिटीचा, कापडी भिंतींचा कॅम्पर घेतला, भरून २,८०० च्या आत राहणारा. बॉलवर तीनशे-सव्वातीनशे आले. सासू-सासरे त्याच गाडीत बसून लुडिंगटनला कॅम्पिंगसाठी जाऊन आले.

वायरिंगबद्दल माझं मत ठाम आहे: हिच बाहेरचा चालेल, पण वायरिंग कंपनीचं मिळत असेल तर तेच घ्या. जुन्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या तारेलाच ट्रेलरचा दिवा सरळ जोडता येई. आता दिव्यांवर संगणकाचं लक्ष असतं, एलईडीचा करंट किंचित बदलला तरी इशारा येतो. त्यामुळे बाहेरच्या वायरिंगमध्ये बॅटरीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लावावा लागतो. तो नीट बसवला तर वर्षानुवर्षं चालतो. घाईत बसवणारे मात्र तारेला टोचून जोडणारे ते निळे क्लिप वापरतात. त्यांतून ओल आत शिरते, मिठाने तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि दोन हिवाळ्यांत ट्रेलरचा एक बाजूचा इंडिकेटर बंद. मी सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवतो, वेळ लागला तरी चालेल.

कारखान्याच्या वायरिंगचा खरा फायदा मात्र वेगळा. ट्रेलर जोडला आहे हे गाडीला कळतं. मागे घेताना पार्किंग सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून ओरडत नाही. ट्रेलर डुलायला लागला तर एकेका चाकाला ब्रेक देऊन गाडी सावरते. सात पिनांच्या सॉकेटमध्ये दिवे आणि इंडिकेटर यांच्याशिवाय ट्रेलरच्या विद्युत ब्रेकची तार आणि बॅटरी चार्ज करणारी तार असते. कारखान्यात ब्रेकची तार डॅशबोर्डखालपर्यंत ओढून ठेवलेली असते, ब्रेक कंट्रोलर फक्त जोडायचा. ट्रेलर जड असेल तर त्याचे स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, आणि ते गाडीच्या ब्रेकच्या प्रमाणात लागणारे असावेत, ठरावीक वेळाने ताकद वाढवणारे नकोत. उतारावर हा फरक पायाला कळतो.

वॉरंटीची भीती बऱ्याच जणांना असते. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा हिच लावला एवढ्याच कारणावरून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या हिचमुळेच बिघाड झाला हे तिने दाखवावं लागतं. पण पॅकेज नसलेल्या गाडीने मर्यादेच्या दुप्पट ओढलं आणि गिअरबॉक्स गेला, तर त्या कायद्याचा आधार शोधत बसू नये.

मग बाहेरचा हिच घ्यायचा कुणी? बरेच जण आहेत, आणि त्यांना मी आनंदाने बसवून देतो. सायकलींचा रॅक लावायचा आहे, बागेसाठी माती आणि मल्च आणायला लहान ट्रेलर आहे, मुलाला कॉलेजला सोडताना वर्षातून एकदा भाड्याचा ट्रेलर जोडायचा आहे. ओझं गाडीच्या मूळ मर्यादेत आहे. त्या माणसाला पॅकेजसाठी महागडं मॉडेल घ्यायला लावणं हाही अन्यायच. कधी पॅकेज वरच्या मॉडेलबरोबरच मिळतं, आणि हजार डॉलरच्या गोष्टीसाठी माणूस पाच हजार मोजून बसतो. असं झालं की मी वेगळा हिशोब सांगतो: मागचं ओझं खरोखर ३,५०० च्या खाली राहणार असेल तर पैसे टायरवर आणि ब्रेकवर घाला.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. मागे रिसीव्हर दिसला म्हणजे पॅकेज आहे असं नाही. आधीच्या मालकाने आमच्यासारख्या दुकानातूनही बसवून घेतलेला असू शकतो. सात पिनांचं सॉकेट बंपरमध्ये नीट बसवलेलं आहे का, की खाली पट्टीवर लटकतंय, ते बघा. रेडिएटरसमोर वेगळा कूलर आहे का बघा. गाडीच्या व्हीआयएन क्रमांकावरून डीलर मूळ बांधणीची यादी काढून देतो. जीएमच्या गाड्यांत टोईंग पॅकेजचा कोड झेड ८२ असतो, तो यादीत दिसला की शंका मिटते. ही यादी मागायला कुणी लाजू नये.

आणि एकदा तरी वजनकाट्यावर जा. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर ट्रकवाल्यांसाठी काटे असतात, थोड्या डॉलरांत तुमचंही वजन करून देतात: पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर, तिन्ही वेगवेगळं. माणसं आणि सामान भरून, पाण्याची टाकी जशी प्रवासात असेल तशी ठेवून. तिथे छापून मिळणारा कागद माहितीपत्रकातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त खरा असतो.

गेल्या आठवड्यात नोव्हायच्या एका तरुणाचा फोन आला. त्याने पोंटून बोट बुक केली आहे; बोट, मोटर आणि ट्रेलर मिळून पावणेचार हजारांच्या आसपास जाईल. डीलरकडे त्याला हवी ती गाडी हव्या त्या रंगात उभी आहे, पण टो पॅकेजशिवाय, ३,५०० ची. पॅकेजवाली मागवली तर काही आठवडे थांबावं लागेल. डीलरने सांगितलं होतं की हिच कुठेही बसवून मिळेल. तो मला विचारत होता, तुम्ही बसवून द्याल ना? मी म्हटलं, बसवायला अडचण काहीच नाही, पण ही बोट त्या गाडीमागे लावायला मी तुला सांगणार नाही. थांब. तोवर बोट मरिनात ठेव, तिथे पाण्यात उतरवून देतात. तो थोडा नाराज झाला, मग बायकोशी बोलतो म्हणाला. काल त्याचा मेसेज आला, पॅकेजवाली गाडी मागवली आहे. आता आमच्याकडे तो फक्त बॉल माउंट घ्यायला येईल. ट्रेलर सपाट जमिनीवर समपातळीत उभा करून कपलरची उंची मोजून ठेव, आणि कपलरवर बॉलचं माप कोरलेलं असतं त्याचा फोटो पाठव, असं मी त्याला कळवलं आहे.